कविता आणि संगीत एकत्र करायचंय? पुण्यातल्या नवीन मुलामुलींसाठी

कविता म्हणायची, सोबत गिटार नाहीतर पेटी, मधेच दोन ओळी गायच्या, यातच करिअर करायचंय असं म्हणणारी बरीच मुलं हल्ली भेटतात, त्यांच्यासाठी लिहितेय. पोएट्री स्लॅम, म्हणजे कविता सादर करण्याची स्पर्धा, १९८६ मध्ये शिकागोच्या ग्रीन मिल क्लबात मार्क स्मिथने रुजवलं हे खरंच, पण डफ-तुणतुण्यावर गोष्ट सांगणारे शाहीर आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, आणि विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव नुसतं काव्यवाचन करत फिरले, तेव्हा मराठीला ऐकणारे नाहीत हे डोक्यातून काढून टाका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचले पाहिजेत. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि श्वास संपत आल्याने आवाज नेमका तिथेच पडतो. ‘आई परत आली नाही’ मधला ‘नाही’ गिळला की ऐकणाऱ्यासाठी आई घरी आली, कविता उलटीच झाली ना! म्हणून मी वहीत पेन्सिलने श्वासाच्या जागा मारून ठेवते, आणि गिटारवाल्याला आधीच सांगते की शेवटच्या शब्दावर स्ट्रम नको, म्हणजे तारा छेडू नकोस, आधीचा सूर विरू दे, शब्द पूर्ण झाला की मग वाजव. तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ज्याने ती कविता वाचलेली नाही अशा कुणाला तरी ऐकवा, कुठला शब्द कळला नाही ते तोच बरोब्बर सांगतो.

माइक ओठांपासून चार बोटं, किंचित तिरका, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ धाडकन आदळतात. एकदम चिकटलात की बेस वाढतो, गाताना छान वाटतं पण बोलताना शब्द गढूळ होतात. साउंड चेकला माझा आवाज वाढवा म्हणण्याआधी वाद्य कमी करा म्हणून बघा.

कोथरूड, कोरेगाव पार्कच्या कॅफेतले ओपन माइक, म्हणजे कुणीही नाव देऊन सादर करू शकतं असे कार्यक्रम, सुरुवातीला चांगले, पैसे मात्र बहुतेक ठिकाणी नसतात. कॉलेजात असाल तर फिरोदिया करंडक ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सोडू नका, तिथे नाटक, संगीत, नृत्य, चित्र सगळं एकाच सादरीकरणात बसवावं लागतं, आपल्या कामाला याहून चांगली तालीम नाही. रीतसर शिकायचं तर विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे.

नुसत्या शोवर घर चालणं अवघड, व्हॉइस ओव्हर, जिंगल, शाळांमधल्या कार्यशाळा हे सोबत धरा. आणि करार नीट वाचा! कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (कलाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) देता येतो. कार्यक्रम ठरला की मानधन, प्रवास आणि साथीदाराचे पैसे मेसेजवर वेगवेगळे लिहून घ्या, कारण आयोजक कवीला बोलावतात आणि गिटारवाला त्यातच आला असं धरून चालतात.