बेदाणे खाताय? मग दातांसाठी एवढं करा

आपल्या नाशिकात द्राक्षं, बेदाणे घरोघरी असतातच, आणि पोरं खिशात बेदाणे टाकून दिवसभर एकेक चघळत बसतात ना, दात किडायचं खरं कारण तेच, कारण गोड तोंडात गेलं की जंतू त्याचं ॲसिड करतात आणि ते साधारण 20-30 मिनिटं दातांवर काम करतं, म्हणजे दर वेळी नव्याने सुरू. त्यापेक्षा जेवणासोबतच एकदा द्या, वर पाणी प्यायला लावा. चिकट गोड तर दातांच्या फटीत अडकूनच राहतं. रात्रीचा ब्रश अजिबात चुकवू नका, फ्लोराइडची पेस्ट घ्या, 3 वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, मोठ्या पोरांना वाटाण्याएवढी. ब्रशनंतर नुसतं थुंका, खळखळून चूळ नको, फ्लोराइड धुवून जातं.