बेस क्लॅरोनेटचा माऊथपीस घेताना मी घातलेला घोळ

आमच्या काकांचा पंचवटीत लग्नाचा बँड होता त्यामुळे क्लॅरोनेट मी नववीपासून वाजवतोय, आणि हो, बँडलाईनमध्ये सगळे क्लॅरोनेटच म्हणतात, क्लॅरिनेट म्हणलं की समोरचा आपल्याकडे वरून खाली बघतो. चार वर्षांपूर्वी लष्करी बँडमधून रिटायर झालेल्या एका सरांकडून जुनं बेस क्लॅरोनेट मिळालं. साध्या क्लॅरोनेटपेक्षा एक सप्तक खाली, वर धातूची वाकडी मान, खाली भोंगा आणि जमिनीवर टेकवायला खुंटी. बोटं मात्र जवळपास तीच. म्हणलं आठ दिवसांत वाजवू. आठ महिने गेले आणि त्यातले सहा नुसते माऊथपीसच्या, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाच्या, भानगडीत. तेव्हा नाशिकमध्ये विचारायला कोणी सापडलं नाही, म्हणून नवीन कोणी शिकत असेल तर त्याच्यासाठी लिहितोय.

झालं असं की खालचे सूर पहिल्या दिवसापासून झकास. घरातल्या खिडक्या थरथरायच्या, आई म्हणायची रणगाडा आणलाय का. पण वर जायला लागलं की सगळं बोंबललं. क्लॅरोनेटचं गणित बासरीसारखं नसतं हे आधी समजून घ्या, बासरीत जोर दिला की सा चा वरचा सा होतो, क्लॅरोनेटमध्ये रजिस्टरची की, म्हणजे वरच्या सुरांवर नेणारी कळ, दाबली की खालच्या सा चा एकदम वरच्या सप्तकातला प होतो. हा उडीचा जो सांधा आहे त्याला ब्रेक म्हणतात आणि बेसवर सगळी परीक्षा तिथेच होते. माझं तिथे वरच्या सुराखाली खालचा सूर पण गुरगुरायचा, नाहीतर सरळ किंकाळी. काका म्हणाले रीड, म्हणजे माऊथपीसला बांधायची थरथरणारी पातळ पट्टी, खराब. पाच रीड बदलल्या. मग म्हणाले दम कमी पडतोय. मग दमाचा रियाजही महिनाभर केला.

शेवटी उलगडा झाला तो सातपूर एमआयडीसीत. माझा एक मित्र तिथे टूलरूमला आहे, त्याला माऊथपीस सहज दाखवला. आता इथे थोडं टेक्निकल सांगतो कारण हे न कळता पैसे घालू नका. रीड ज्या सपाट भागावर बसते ते टेबल. तिथून टोकाकडे दोन्ही कडा हळूहळू रीडपासून लांब वळत जातात, ते वळण म्हणजे फेसिंग. आणि अगदी टोकाला रीड आणि माऊथपीसमध्ये जी फट राहते ती टिप ओपनिंग. साध्या क्लॅरोनेटला ही फट एक मिलिमीटरच्या जरा वर असते, बेसला साधारण दोनच्या आसपास. फट मोठी असेल तर रीड मऊ लागते, लहान असेल तर कडक चालते.

मित्राने टेबलवर काचेची सपाट पट्टी धरली आणि गाड्यांचे व्हॉल्व्ह सेट करायला जे फिलर गेज वापरतात त्याचं सगळ्यात पातळ पातं टोकाकडून आत सरकवलं. ते एका बाजूला जिथे अडलं त्याच्या दोन मिलिमीटर पुढे दुसऱ्या बाजूला अडलं. म्हणजे दोन्ही कडांचं वळण वेगळं. आधीच्या कोणीतरी पॉलिश पेपरवर घासून ठेवला होता. रीड एका बाजूने आधी मिटणार, दुसऱ्या बाजूने हवा गळणार, मग किंकाळी नाही तर काय येणार. मला वाटलं आपणही थोडा घासून सरळ करू, आणि केलं पण, आणि उरलासुरला पण घालवला. हे काम हाताने अंदाजाने होत नाही.

मग नवीन घ्यायचं ठरलं आणि इथे दुसरी चूक होता होता राहिली. मी तेव्हा अमेरिकन जॅझवादक एरिक डॉल्फी ऐकून वेडा झालो होतो, 1964 मध्ये अवघ्या 36व्या वर्षी गेला तो पण बेस क्लॅरोनेट जॅझमध्ये सोलो वाजवायचं खरं वाद्य केलं ते त्यानेच असं मी मानतो. तर डोक्यात एकच, सगळ्यात उघडा, म्हणजे सगळ्यात मोठ्या फटीचा, माऊथपीस घ्यायचा. किमती बघितल्या तर धक्काच बसला, एका चांगल्या माऊथपीसच्या पैशात साधं चायनीज क्लॅरोनेट येतं, त्यामुळे ऑनलाईन मागवायची हिंमत झाली नाही. पंचवटी एक्सप्रेसने वाद्य मांडीवर घेऊन मुंबईला गेलो. स्वतःचं वाद्य आणि स्वतःच्या रीड नेल्या, दोन, अडीच आणि तीन नंबरच्या (नंबर म्हणजे रीडचा कडकपणा), हे सगळ्यात शहाणपणाचं काम केलं. कारण नुसता माऊथपीस कोणी वाजवत नाही, माऊथपीस, रीड आणि मान असा तिघांचा संसार आहे.

दुकानात दोनच निघाले, तिसरा एका ओळखीच्या वादकाने तासभर वापरायला दिला. उघड्यावर पहिला खालचा सूर लावला आणि वाटलं हाच. मग ब्रेक ओलांडला आणि परत तीच गुरगुर. दोष माऊथपीसचा नव्हता, एवढी फट सांभाळायची ओठांना सवय नव्हती म्हणून मी जबड्याने चावत होतो, आणि बेसवर चावलं की मेलं. साध्या क्लॅरोनेटपेक्षा इथे माऊथपीस तोंडात जास्त आत घ्यावा लागतो आणि ओठ सैल ठेवावे लागतात, हे सहा महिन्यांत मला कोणी बोललं नव्हतं. मधल्या फटीच्या माऊथपीसवर अडीचची रीड लावली आणि ब्रेकवरून अलगद गेलो. त्याचा खालचा सूर उघड्याइतका भारी नव्हता, पण घेतला तोच. खालचे सूर कुठल्याही बऱ्या माऊथपीसवर निघतात, त्यांच्यावर भाळून घेऊ नका. ब्रेकच्या वरचे चार-पाच सूर अगदी हळू आवाजात, जीभ न लावता, नुसत्या श्वासाने सुरू होतात का ते बघा. तानपुऱ्याचं अॅप लावून बघितलं तर अजून बरं.

नावं विचाराल तर यामाहाचा 4सी नवशिक्याला पुष्कळ. सेल्मरचा सी स्टार वर्षानुवर्षं लोक वाजवताहेत. व्हँडोरेनमध्ये बी40 आवरलेला, बी50 खूप उघडा. आपल्याकडचं मींडकाम करायचं असेल तर उघडा आणि मऊ रीड याला मजा आहे हे मान्य, सूर ओठाने वाकतो, काकांच्या पिढीतले बँडवाले साध्या क्लॅरोनेटवर तेच करायचे. पण ते वीस वर्षं वाजवल्यावर.

दुकानातून निघायच्या आधी हवा गळते का ते तपासा. रीड बांधायची, माऊथपीसचं खालचं भोक तळहाताने घट्ट बंद करायचं आणि टोकाकडून हवा ओढायची. तोंडातून काढल्यावर रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग टप्प वाजलं तर ठीक. लगेच सुटली तर दुसरी रीड लावून बघा, तरी तेच झालं तर तो माऊथपीस ठेवून द्या. आणि मानेवर माऊथपीस बसतो तिथला कॉर्क. प्रत्येक कंपनीची मान थोडी वेगळी असते, माझा सैल बसत होता, पंधरा दिवस नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळून चालवला आणि मग कॉर्क बदलून घेतला.

रीड बांधायला काका अजून दोरा वापरतात. मी हसायचो, मग कळलं जर्मनीतले वादक पण दोराच गुंडाळतात.

माऊथपीस एबोनाईटचा, म्हणजे कडक काळ्या रबराचा, असेल तर उन्हात ठेवू नका. मी एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत विसरलो होतो, आता तो काळ्याचा हिरवट झालाय आणि गंधकाचा वास मारतो. वाजतो मात्र बरा. धुवायचा तो साध्या पाण्याने, गरम पाण्याने नाही. आणि वर दात टेकतात तिथे रबराचा छोटा पॅच चिकटवा, बेसची थरथर दातातून थेट कवटीत जाते, पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं दाढ किडलीय, डेंटिस्टकडे जाऊन पण आलो.