तान्ह्या पोळ्याचा बैल चालता करताना

अ‍ॅनिमेशनसाठी स्वतःचे पात्र घडवू पाहणाऱ्या, त्यातही गावात राहून ते करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. माझे गाव उमरेड तालुक्यात आहे आणि माझे पात्र म्हणजे तान्ह्या पोळ्याला मुले दोरीने ओढत नेतात तो चाकांवरचा लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असाच बैल घेऊन मी घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे किंवा खाऊ, मागत फिरलो आहे, त्यामुळे तो आपल्याला पुरता ठाऊक आहे, असे मी धरून चाललो होतो.

पहिले चित्र देखणे झाले होते. पाठीवर नक्षीदार झूल, झुलीला 18 गोंडे, गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर बाशिंग. एका अभ्यासक्रमाच्या प्रवेश मुलाखतीत ते दाखवले, तेव्हा परीक्षकांनी दोनच प्रश्न विचारले: याला दहा सेकंद चालवायचे तर किती चित्रे काढावी लागतील, आणि याला हवे आहे तरी काय? मला एकाचेही उत्तर देता आले नाही आणि प्रवेशही मिळाला नाही.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब सरळ आहे. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) सरकतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एक चित्र बहुधा दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 आणि दहा सेकंदांना 120 चित्रे लागतात. माझ्या झुलीचे तेवढ्यातच 2160 गोंडे झाले असते. मी तीन मोठे गोंडे ठेवले, नक्षीच्या जागी एकच रुंद पट्टा दिला आणि घुंगरमाळ काढून एक घुंगरू बांधले. पात्र उघडेबोडके दिसेल अशी धास्ती होती. प्रत्यक्षात ते एकटे घुंगरू नजरेत भरू लागले, आणि बैल थांबल्यावर ते किंचित उशिरा थांबते एवढ्यानेच त्याच्या अंगाला वजन आले.

त्यानंतर सिल्हाउट तपासले, म्हणजे संपूर्ण आकृती काळ्या रंगाने भरून ती लांबून ओळखू येते का ते पाहिले. माझा बैल बकरीसारखा दिसत होता. शिंगे वाढवली की काम होईल असे वाटून मी ती लांब आणि बाकदार केली. गावातील सुतारकाका तान्ह्या पोळ्याचे बैल अनेक वर्षे घडवत आले आहेत. त्यांनी चित्र हातात घेतले आणि म्हणाले, “बाबू, हा आपल्याइकडचा बैल नोहे.” त्यांचे खरे होते. लांब शिंगांचा डौल खिल्लार बैलाचा. आमच्या वर्धा-नागपूर भागातील गवळाऊ जातीचा बैल पांढरा, अंगाने हलका, निमुळत्या लांब तोंडाचा आणि आखूड शिंगांचा असतो. मी शिंगे आखूड केली, तोंड लांबवले आणि सगळा जोर वशिंडावर दिला. वशिंड, लांब तोंड आणि खालची चार चाके एवढ्यावर काळी आकृती बैलाची झाली. इथे माझा आग्रह आहे: संदर्भासाठी मोबाइलवर चित्रे शोधण्याआधी शेजारच्या कोठ्यात (गुरांच्या गोठ्यात) जाऊन अर्धा तास बसावे.

हालचालीचा अभ्यास मी अंगणात केला. लाकडी बैल फरशीवर ठेवून दोरी हळू ओढली. दोरी ताणली जाते तरी क्षणभर काहीच होत नाही. मग एकदम झटका बसून पुढची बाजू किंचित उचलली जाते, आणि बैल धावू लागल्यावरच झूल मागे उडते. फरशीच्या सांध्यावर पुढची चाके अडली की मागची बाजू वर येते. शिवाय एक चाक थोडे वाकडे असल्याने प्रत्येक फेऱ्याला लहानसा हिसका बसत होता. चाकाचा एक फेरा 12 चित्रांत बसवला, तेव्हा तो हिसका बरोबर सेकंदाला एकदा येऊ लागला आणि पात्राला स्वतःची चाल मिळाली.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिथूनच निघाले. पाय फळीला खिळलेले आणि ओढणारा कोणी असल्याशिवाय हलता न येणारा हा बैल बंडीला जुंपलेल्या खऱ्या जोडीकडे पाहत असतो. त्याला बंडी ओढायची आहे. हे ठरल्यावर चेहऱ्याचे भाव कुठून आणायचे तेही ठरले: पाय हलत नाहीत, म्हणून मान, कान आणि बदामी डोळे यांनाच बोलावे लागते.

साधनांसाठी अडून राहू नये. क्रिटा आणि ब्लेंडर ही अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत, ओपनटून्झही 2016 पासून विनामूल्य मिळते. वीज नसते तेव्हा मी कागदावर काढतो आणि मोबाइलने एकेक चित्र टिपून चाल तपासतो.

शेवटी मॉडेल शीट केली: समोरून, तिरपे, बाजूने आणि मागून, चारही चित्रे एकाच आडव्या रेषांवर, म्हणजे डोळे, वशिंड आणि फळी यांची उंची कुठेही बदलत नाही. ही शीट दुसऱ्याच्या हातात देऊन पाहणे अत्यंत आवश्यक आहे, कारण पुढे तुमचे पात्र इतरांनाही काढावे लागते. मी ती नववीतल्या भाचीला दिली आणि काहीही न सांगता बैल काढायला लावला. तिने वशिंड पाठीच्या मध्यावर काढले आणि बैलाचा उंट झाला. चूक शीटची होती. वशिंड पुढच्या पायांच्या बरोबर वर येते, हे माझ्या हाताला माहीत होते, कागदावर कुठेच नव्हते. मी पुढच्या चाकापासून वशिंडाच्या टोकापर्यंत एक उभी तुटक रेघ मारली. पुढच्या वेळी तिने काढलेला बैल मी माझ्या चित्रावर ठेवून खिडकीच्या काचेवर धरला, तेव्हा दोन्ही वशिंडे एकमेकांवर बसली.