कार्बन डायऑक्साइडचा आवाज ऐकणारा सेन्सर कसा बसवावा

वर्गातल्या किंवा एसी लावून बंद केलेल्या खोलीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचा असेल, तर मी एससीडी-४१ घ्यायला सांगते. सेन्सिरियन या स्विस कंपनीचा हा सेन्सर एक सेंटीमीटर लांब-रुंद आणि साडेसहा मिलिमीटर उंच आहे. पुण्यात शाळेतल्या मुलांबरोबर मी याचेच मीटर जोडते. वायरी हातात देण्याआधी आत काय चालतं ते समजावते, कारण बसवण्याचे नियम तिथूनच निघतात.

आत इवलीशी पोकळी आहे, तिच्यात बाहेरची हवा शिरते. अवरक्त प्रकाशाचा दिवा उघडझाप करतो. फिल्टर ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचाच प्रकाश पुढे सोडतो, आणि नेमका तोच कार्बन डायऑक्साइडचे रेणू शोषतात. ती ऊर्जा शेजारच्या रेणूंना धडकून उष्णता होते, पोकळीतला दाब किंचित चढतो. दिवा विझला की उतरतो. दाबाची ही चढउतार म्हणजे ध्वनी, आणि तो टिपायला आत मेम्स, म्हणजे चिपवर मावणारा इवलासा मायक्रोफोन असतो. वायू जास्त, तर आवाज मोठा. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी हा परिणाम १८८० मध्येच पाहिला होता. नेहमीच्या अवरक्त सेन्सरमध्ये पलीकडे किती प्रकाश पोचला ते मोजतात, म्हणून प्रकाशाला लांब वाट लागते. इथे शोषलेला प्रकाशच आवाज करतो, त्यामुळे एवढ्याशा जागेत भागतं. मला यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं.

आता जोडणी. ईएसपी-३२ या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला आयटूसीच्या (माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या) दोन वायरी, पॉवर आणि ग्राउंड, एवढंच. दिवा पेटताना क्षणभर दोनशे मिलीअँपच्या आसपास करंट ओढतो, म्हणून पुरवठा दमदार हवा. वरचा पांढरा पडदा हवेची वाट आहे. त्यावर टेप, गोंद काही लावू नका. डबीला भोकं पाडा, पण पंख्याचा झोत थेट येऊ देऊ नका आणि थरथरणाऱ्या कपाटावर ठेवू नका.

प्रोग्रॅममध्ये जागेची उंची जरूर भरा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर वर आहे, हवेचा दाब साधारण सहा टक्के कमी. तेवढ्या जागेत रेणूही कमी. उंची न भरल्यास आकडा कमी दिसेल. मोजणी थांबवून मगच ही सेटिंग बदलते. ती कायम साठवण्याची आज्ञा एकदाच द्या, प्रोग्रॅमच्या सुरुवातीला दर वेळी नको. साठवणीची हमी दोन हजार वेळांचीच आहे.

कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या आकड्याशी सेन्सर जुळवणं, गच्चीत, मोकळ्या हवेत करा. तीन मिनिटांहून जास्त मोजू द्या, मोजणी थांबवा, ४२५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२५ भाग) हा संदर्भ द्या. त्या वेळी वर वाकून पाहू नका. उच्छ्वासात जवळपास ४०,००० पीपीएम असतात. आपोआप कॅलिब्रेट होण्याची सोय आठवड्यातून एकदा तरी ताजी हवा मिळेल असं धरून चालते. खोली कायम बंद असेल तर ही सोय बंदच करा, नाहीतर कोंदट हवेलाच सेन्सर ताजी मानू लागेल.

मग वर्गात टांगा, खिडकी आणि मुलांच्या तोंडापासून दूर. १००० पीपीएमच्या वर आकडा टिकला की खिडक्या उघडायच्या.

एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगते: गॅस गिझरच्या बाथरूममध्ये हा मीटर राखणीला लावू नका. तिथला जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, तो या सेन्सरला ऐकूच येत नाही. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा स्वतंत्र अलार्म आणा, आणि गिझर बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या.