चहा होईपर्यंत डीव्हीआर पुन्हा बिघडला: नेटवर्क सिक्युरिटीत नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात नेटवर्कच्या कामाला लागलो तेव्हा गाळप हंगाम ऐन भरात होता. एका सकाळी वजनकाट्यावरचं नेट रांगायला लागलं. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, ड्रायव्हर आमच्या नावानं शंख करतायत. बघतो तर गेटवरचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, जगभरच्या पत्त्यांचं पोर्ट 23 ठोठावत बसलेला. हे टेलनेटचं, म्हणजे यंत्रात दुरून लॉगिन करायचं जुनं दार. बंद करून चालू केला, गप झाला. चहा पिऊन आलो, पुन्हा तेच.

हे लक्षण मिराईचं, म्हणजे कॅमेरे-राउटर बाधणाऱ्या मालवेअरचं (घातक प्रोग्रॅमचं). या जातीचा मालवेअर नुसत्या मेमरीत राहतो, त्यामुळे रीस्टार्ट केला की जातो. पण दार उघडंच असेल तर दुसरं बाधित यंत्र लगेच आत शिरतं. मिराईकडे कंपनीने दिलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जेमतेम साठेक जोड्या होत्या. तेवढ्यावर 21 ऑक्टोबर 2016 ला कॅमेऱ्या-राउटरांच्या झुंडीने डाइन ही डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी, कंपनी लोळवली आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले.

आमच्याकडे साहेबांना मोबाईलवर गेट दिसावं म्हणून फिटरने अख्खा डीव्हीआर डीएमझेडमध्ये, म्हणजे थेट इंटरनेटसमोर उघडा, टाकलेला. "पासवर्ड बदलला की साहेबांचा फोन येतो ओ," हे त्याचं उत्तर. बदलूनही भागत नाही. काही स्वस्त डीव्हीआरमध्ये वेबपेजवरचा पासवर्ड बदलतो, टेलनेटचा आत कोरलेला तसाच राहतो. म्हणून कॅमेऱ्यांचं व्हीएलॅन (नेटवर्कमधला कप्पा) वेगळं करायचं आणि त्याला थेट इंटरनेट द्यायचं नाही.

नवीन पोरं काली लिनक्सपासून, म्हणजे हॅकिंगच्या साधनांनी भरलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमपासून, सुरू करतात. मीही तेच केलं. कामाला आली ती वही आणि पायपीट. ऑफिसच्या यादीत 40 यंत्रं होती, फिरून मोजली तर सत्तरच्या वर. हजेरीचं बोटाचं मशीन, प्रिंटर, आणि गोडाऊनमध्ये क्रिकेट बघायला कुणीतरी लावलेला राउटर. त्याचा मालक अजून सापडलेला नाही!

बॉयलरच्या पीएलसीवर (यंत्र चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरवर) मात्र जोरात एनमॅप, म्हणजे उघडी पोर्ट शोधणारा स्कॅनर, चालवू नका, जुनं पीएलसी तेवढ्यानंही अडकतं. पीएलसी ज्या भाषेत बोलतं त्या मॉडबसला तर मुळात पासवर्डच नसतो, पोर्ट 502 पर्यंत पोचलेल्या कुणाचाही हुकूम पीएलसी मानतं. स्कॅनची परवानगी लेखी घ्या, नाहीतर आयटी कायदा 2000 ची कलमं 43 आणि 66 तुमच्यावरच लागू शकतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा 2022 चा आदेशही वाचून ठेवा: सायबर घटना 6 तासांत कळवायची, लॉग (यंत्रांच्या हालचालींच्या नोंदी) 180 दिवस जपायचे.

शेवटी डीव्हीआर डीएमझेडमधून काढला आणि साहेबांना व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायचा कुलूपबंद खासगी रस्ता, लावून दिला. पुढचे चार दिवस रोज सकाळी साहेबांचा फोन, "अरे, ते किल्लीवालं बटण कुठं गेलं?"