लाँड्री मशीनसाठी पाण्याची लाइन आणि निचरा कसा आखावा

व्यावसायिक लाँड्रीत पाणी आणायची लाइन सगळे नीट आखतात. जाणाऱ्या पाण्याचं मात्र ‘चार इंची पाइप टाका, पुरे’ एवढ्यावर भागवतात. हा सल्ला ऐकला की डोकं फिरतं. घरगुती मशीन पंपाने हळूहळू पाणी फेकतं. मोठ्या मशीनला तळाशीच रुंद व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की अख्खा ड्रम मिनिटाच्या आत रिकामा.

पुरवठ्याचं आधी उरकतो. प्रत्येक मशीनला वेगळा बॉल व्हॉल्व्ह आणि गाळणी. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिक पाइप. साधा यूपीव्हीसी मऊ पडून लोंबतो. इनलेटचे सोलेनॉइड (विजेवर चालणारे) व्हॉल्व्ह झटक्यात बंद होतात आणि पाइप दणके देतो, म्हणून ते दणके शोषणारा हॅमर अरेस्टर. जड पाण्याला ते मऊ करणारा सॉफ्टनर. दाब मोजायचा तो सगळी मशीन एकदम भरत असताना.

आता निचरा. एका भरणीला कपड्यांच्या किलोमागे पाच-सहा लिटर धरा. 20 किलोच्या मशीनमध्ये 100 ते 120 लिटर, तीन मशीनचे 360. ‘पण तिन्ही एकदम कुठे रिकामी होतात?’ असं हमखास ऐकवतात. होतात! बऱ्याच मशीनचा ड्रेन व्हॉल्व्ह विजेच्या जोरावर बंद राहतो. वीज गेली की तो आपसूक उघडतो, आणि तिन्ही ड्रम एकाच वेळी मोकळे होतात.

100 मीटरला 1 मीटर उतार दिलेला चार इंची पाइप तुडुंब वाहिला तरी सेकंदाला सहा लिटरच्या आसपासच नेतो. तीन मशीन सुरुवातीला त्याहून बरंच जास्त ओततात. उरलेलं पाणी शेजारच्या मशीनच्या उघड्या व्हॉल्व्हमधून वर चढतं. हे मी दाराच्या काचेतून पाहिलंय: धुऊन स्वच्छ झालेल्या चादरींत खालून करडं, फेसाळ पाणी शिरत होतं आणि मालक पावडर बदलून बघत होते.

म्हणून मशीनच्या मागे उघडा चर हवाच. 4 मीटर लांब, 30 सेंमी रुंद, 40 सेंमी खोल. वरचे 10 सेंमी मोकळे सोडले तरी 360 लिटर मावतात आणि पाइपाला उसंत मिळते. मशीनचा ड्रेन मुख्य पाइपात सीलबंद करू देऊ नका. त्याचं तोंड चरातल्या सर्वांत वरच्या पातळीच्याही वर सुटलं पाहिजे. मशीनच्या चौथऱ्याची उंची यावरूनच ठरवायची, तीही फरशी घालण्याआधी. प्लंबर म्हणेल, चराला वास येतो. वास पाणी-सील नसल्यामुळे येतो. चराच्या निकासाला ट्रॅप लावायला सांगा, म्हणजे ज्यात पाणी साचून वास अडतो असा वाकडा पाइप.

निकासाआधी धाग्यांसाठी एकामागे एक दोन जाळ्या, म्हणजे एक उचलून साफ करताना दुसरी जागेवर राहते. साफसफाई रोज. पुढे काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन बेंड, आणि प्रत्येक वळणावर सफाईचं तोंड.

मशीन बसली की तिन्ही भरा आणि मेन स्विच पाडा. पाणी कुठल्याही ड्रेनच्या तोंडाला टेकलं, तर चर वाढवा किंवा निकास सहा इंची करा. ‘आलटूनपालटून चालवू’ हे उत्तर अजिबात ऐकून घेऊ नका.