अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता: फुप्फुस आणि लिव्हर कसे सांभाळावे

चाळिशीच्या आतच दम लागतो, इनहेलर घेऊनही जिना चढवत नाही. किंवा दारूला कधी न शिवलेल्या माणसाचं लिव्हर खराब निघतं. अशा वेळी ‘दमाच असेल’ म्हणून विषय संपवू नका. हा अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाच्या आनुवंशिक कमतरतेचा परिणाम असू शकतो. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी ती पहिल्यांदा ओळखली. आपल्याकडे हे निदान क्वचित होतं, त्यामुळे डॉक्टरांना तुम्हीच विचारलेलं बरं.

हे प्रथिन लिव्हरमध्ये तयार होतं आणि रक्तातून फुप्फुसात पोचतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचं विकर सोडतात. ते फुप्फुसाच्या नाजूक भिंतीही खाऊ लागतं, तेव्हा हे प्रथिन त्याला आवर घालतं. जनुकाचा ‘झेड’ प्रकार असला की प्रथिनाची घडी चुकते आणि ते लिव्हरच्या पेशींतच अडकतं. लिव्हरला ते साचल्याचा त्रास, फुप्फुसाला न पोचल्याचा.

पहिलं काम म्हणजे निदान पक्कं करणं. रक्तातली या प्रथिनाची पातळी तपासतात. ताप किंवा संसर्ग असताना ती तात्पुरती वाढते आणि कमतरता झाकली जाते, म्हणून बरं वाटल्यावर रक्त द्या, सोबत सीआरपी (शरीरातली सूज किंवा संसर्ग दाखवणारी रक्तचाचणी) हीही करून घ्या. पातळी कमी आली तर जनुकाचा प्रकार तपासावा लागतो. सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद होऊन दम लागण्याच्या जुनाट आजाराच्या) प्रत्येक रुग्णाची ही चाचणी एकदा तरी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

मग धूर. सिगारेट, बिडी, हुक्का आजच बंद. या आजारात फुप्फुस सगळ्यात वेगानं तंबाखूच्या धुरानंच झिजतं. घरात कुणी मशेरी भाजत असेल तर तेही थांबवा. आजीला वाईट वाटेल, पण सांगा. डासांची कॉइल, धूप, फोडणीचा ठसका यांचाही विचार करा. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावा.

पुण्याच्या हवेचा अंदाज पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं उभारलेल्या ‘सफर’ प्रणालीवर पाहता येतो. थंडीत पहाटे प्रदूषण जमिनीलगत साचून राहतं, तेव्हा तळजाई किंवा वेताळ टेकडीचं फिरणं ऊन वर आल्यावर करा. फिरणं सोडू मात्र नका, पायांतली ताकद गेली की दम आणखी लागतो. दुचाकीवर तोंडाला बांधलेला स्कार्फ बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क नीट घट्ट बसवून घाला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या लावून घरात थांबा. विसर्जन मिरवणुकीतल्या गुलालापासूनही लांबच राहा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्या.

लिव्हरसाठी दारू पूर्ण बंद, हिपॅटायटिस ए आणि बीच्या लसी घेतलेल्या असाव्यात. पॅरासिटामॉल किती चालेल हे आधी विचारून ठेवा. ‘काढ्यानं काय होतंय’ या समजुतीची मला खरंच काळजी वाटते. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला, पण आधीच दुखावलेल्या लिव्हरवर कुणी प्रयोग का करावा? स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजायची चाचणी), लिव्हरच्या रक्तचाचण्या, सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, अचानक गुंगी किंवा बरळणं दिसलं तर वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

काही देशांत निरोगी रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून मिळवलेलं हे प्रथिन दर आठवड्याला शिरेतून देतात. त्यानं फुप्फुसाची झीज मंदावते, लिव्हरला फायदा होत नाही. लिव्हर प्रत्यारोपण झालं तर नवं लिव्हर योग्य प्रथिन बनवतं.

सगळ्यात अवघड पायरी नातेवाइकांची. ‘मुलीचं स्थळ बघतोय, आत्ता कुणाला बोलू नका’ असं म्हणून घरंच्या घरं हा आजार लपवतात, आणि तिचा भाऊ तिकडे सिगारेट ओढत राहतो. आई-वडील दोघांकडे एकेक सदोष जनुक असेल तर प्रत्येक अपत्याला पूर्ण आजाराची शक्यता २५ टक्के असते. म्हणून सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करा. एकच सदोष जनुक असलेले बहुतेक जण धडधाकट राहतात, तंबाखूपासून मात्र त्यांनीही दूर राहायलाच हवं. रिपोर्टचा फोटो भावंडांना पाठवा, आजाराचं पूर्ण नाव लिहून द्या. घरात बाळ जन्मलं आणि त्याची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना तेच नाव सांगा.